विषाणू, त्याचा प्रकार आणि कर्करोग : हाती आलेला रिपोर्ट कसा वाचावा आणि पुढे काय करावे

तपासणीच्या कागदावर 'पॉझिटिव्ह' हा शब्द दिसला की बहुतेक घरांत पुढच्या ओळी कोणी वाचत नाही, आणि त्यानंतरचे निर्णय शेजारपाजारच्या ऐकीव माहितीवर होतात. विषाणूंमुळे होणाऱ्या कर्करोगांच्या बाबतीत ही सवय फार महागात पडते, कारण येथे विषाणूचे नुसते नाव कळून भागत नाही. त्याचा कोणता प्रकार अंगात आहे आणि तो किती काळ मुक्काम ठोकून आहे, यावर बराचसा धोका ठरतो. सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात असा कागद साधारणपणे तीन वाटांनी घरात येतो : गरोदरपणातील रक्ततपासणीतून, जयंती-उत्सवातील रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीकडून आलेल्या निरोपातून, किंवा गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीतून. पुढील मार्गदर्शन या तिन्ही वाटांनी कागद हाती आलेल्या घरांसाठी, आणि असा कागद येऊच नये अशी तजवीज करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

आधी विषाणूंची ओळख

माणसात कर्करोगाशी नाते सिद्ध झालेले विषाणू मोजकेच आहेत. 2018 साली जगभरात झालेल्या नव्या कर्करोगांपैकी सुमारे 22 लाख, म्हणजे साधारण 13 टक्के, संसर्गांमुळे झाले असा अंदाज आहे. त्यांत जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूचा वाटा सर्वांत मोठा होता. विषाणूंमध्ये ह्यूमन पॅपिलोमा विषाणू म्हणजे एचपीव्ही पहिला, हिपॅटायटिस बी दुसरा आणि हिपॅटायटिस सी तिसरा. आपल्या घरांनी लक्ष घालायचे ते या तीन विषाणूंकडे.

उरलेल्यांची थोडक्यात ओळख पुरेशी आहे. 1964 मध्ये सापडलेला एपस्टाइन-बार विषाणू जगातील 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात असतोच; त्याचा संबंध बर्किट लिम्फोमा (लिम्फोमा म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग), हॉजकिन लिम्फोमाचे काही प्रकार आणि नाकामागच्या घशाचा कर्करोग यांच्याशी आहे. हा घशाचा कर्करोग दक्षिण चीनमध्ये आणि आपल्या देशात नागालँडमध्ये अधिक आढळतो. जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात असणारा विषाणू शोधण्यासाठी निरोगी माणसाने पैसे देऊन तपासणी करून घेण्यात काहीच हशील नाही. रक्तातील टी-पेशींचा कर्करोग घडवू शकणारा एचटीएलव्ही-1 हा विषाणू नैऋत्य जपान आणि कॅरिबियन बेटांकडील प्रश्न आहे, 1994 मध्ये ओळख पटलेला कापोसी सार्कोमाचा विषाणू मुख्यतः एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना त्रास देतो, आणि 2008 मध्ये सापडलेल्या मर्केल पेशींच्या विषाणूशी निगडित त्वचेचा कर्करोग दुर्मिळ आहे. एचआयव्ही स्वतः पेशीला कर्करोगाकडे ढकलत नाही. पण इतर विषाणूंना रोखणारा पहारा तो उठवतो, म्हणून एचआयव्हीबाधित व्यक्तीसाठी पुढील सर्व सूचना अधिक काटेकोरपणे लागू होतात.

एचपीव्ही : प्रकाराचा आकडा पाहिल्याशिवाय घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये

एचपीव्हीचे 200 हून अधिक प्रकार आहेत आणि ते नावाने नव्हे तर क्रमांकाने ओळखले जातात. हातापायांवरच्या साध्या चामखिळी काही प्रकारांमुळे होतात. जननेंद्रियांवरच्या चामखिळी मुख्यतः 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतात, आणि त्यांच्यापासून गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग होत नाही. कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय पातळीवर निश्चित झालेले प्रकार 16, 18, 31, 33, 35, 39, 45, 51, 52, 56, 58 आणि 59 असे बारा आहेत. त्यांतही 16 आणि 18 या दोघांनी मिळून जगातील या कर्करोगाचे सुमारे 70 टक्के रुग्ण घडवले आहेत. जर्मन संशोधक हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने 1983 आणि 1984 मध्ये हे दोन प्रकार कर्करोगाच्या गाठींतून वेगळे केले आणि 2008 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे प्रकार काय करतात ते समजून घेतले की डॉक्टर 'थांबून पुन्हा तपासू' असे का म्हणतात तेही उमगते. धोकादायक प्रकार ई6 आणि ई7 ही दोन प्रथिने तयार करतात. पेशीच्या जनुकांत बिघाड झाला तर तिची वाढ थांबवणारे किंवा तिला मरू देणारे पी53 हे प्रथिन ई6 नष्ट करते, आणि पेशीविभाजनाला लगाम घालणारे आरबी प्रथिन ई7 निकामी करते. तरीही एवढ्याने लगेच कर्करोग होत नाही. बिघाड साचत जावे लागतात आणि त्यासाठी विषाणूने वर्षानुवर्षे तेथे टिकावे लागते. प्रत्यक्षात दहापैकी जवळजवळ नऊ संसर्ग दोनेक वर्षांत शरीर स्वतःच हटवते. जे टिकतात, त्यांतून आधी कर्करोगपूर्व बदल आणि मग कर्करोग अशी वाटचाल व्हायला साधारण 10 ते 20 वर्षे लागतात. हीच वर्षे आपल्या हातात असतात, आणि भारतात 2022 मध्ये या कर्करोगाच्या सुमारे 1 लाख 27 हजार नव्या रुग्णांची व जवळपास 80 हजार मृत्यूंची जी नोंद अंदाजली गेली, ती ही वर्षे हातची गेल्यामुळे.

तपासणीला कधी जावे, याचे उत्तर सोपे आहे : तक्रार नसताना. अंगावरून पांढरे जाणे, संबंधांनंतर रक्त दिसणे किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, या तक्रारी सुरू झाल्यावर तर कोणताही मुहूर्त न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचेच आहे. पण चाळणी तपासणी म्हणतात ती 30 ते 65 वयाच्या, वरवर ठणठणीत असलेल्या स्त्रीसाठी असते. सरकारी कार्यक्रमात ती दर पाच वर्षांनी करावी असे ठरलेले आहे. एचआयव्हीबाधित स्त्रीने ती 25 व्या वर्षापासून सुरू करावी आणि अधिक वेळा करावी. पाळीचे दिवस टाळावेत, आधीचे दोन दिवस योनीमार्गात कोणतेही औषध घालू नये आणि संबंध टाळावेत. नाहीतर नमुना निकामी होऊन फेरी फुकट जाते.

आरोग्य केंद्रात बहुतेक वेळा जी तपासणी होते ती अगदी साधी असते. परिचारिका उजेड धरून गर्भपिशवीचे तोंड उघड करते, 3 ते 5 टक्के अॅसेटिक आम्लात बुडवलेला कापसाचा बोळा त्यावर टेकवते आणि घड्याळाकडे पाहून एक मिनिट थांबते. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बदललेल्या पेशी असतील तर तेथे ठळक कडांचा, दाट पांढरा डाग उमटतो. थोडी चुणचुण होते, भूल लागत नाही, आणि निकाल तेथल्या तेथे कळतो. एचपीव्ही चाचणीत याऐवजी मऊ ब्रशने घेतलेला नमुना प्रयोगशाळेत जातो. हा नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते, आणि संकोचामुळे तपासणी टाळणाऱ्या स्त्रियांसाठी ही मोठीच सोय आहे.

या दोन तपासण्यांत कोणती निवडावी, याचा निवाडा करणारा एक महत्त्वाचा पुरावा सोलापूरच्या सीमेवरच तयार झाला, आणि त्याची माहिती सोलापूरकरांनाच फारशी नसावी याचे नवल वाटते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांचे 52 गट करून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. काही गटांत एकदाच एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप तपासणी (गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), काहींत अॅसेटिक आम्लाची तपासणी झाली, आणि उरलेल्या गटांत नेहमीची आरोग्यसेवा चालू राहिली. 2009 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : नेहमीच्या सेवेच्या गटात या कर्करोगाने 64 मृत्यू झाले होते, एचपीव्ही चाचणीच्या गटात 34. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याहून उपयोगी आकडा चाचणी निगेटिव्ह आलेल्यांचा आहे. एचपीव्ही निगेटिव्ह ठरलेल्या स्त्रियांत पुढील वर्षांत कर्करोगाचे प्रमाण दर लाखामागे वर्षाला 3.7 होते, तर अॅसेटिक आम्लाच्या तपासणीत निगेटिव्ह ठरलेल्यांत ते 16 होते.

याचा अर्थ आरोग्य केंद्रातील तपासणी टाकाऊ आहे असा अजिबात नाही. मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा स्मारक केंद्रानेच केलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने वारंवार केलेल्या अॅसेटिक आम्लाच्या तपासणीने मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तात्पर्य असे की, साधी तपासणी असेल तर ती चुकवू नये आणि ठरलेल्या मुदतीत पुन्हा करावी. एचपीव्ही चाचणी परवडत असेल किंवा शिबिरात मिळत असेल तर ती आधी निवडावी. प्रयोगशाळेत पैसे भरण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी विचाराव्यात : चाचणी केवळ धोकादायक प्रकारांची आहे ना, आणि अहवालात 16 व 18 वेगळे दाखवणार का. 6 आणि 11 शोधून देणाऱ्या चाचणीसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

आता अहवाल. 'एचपीव्ही 16' किंवा 'एचपीव्ही 18' पुढे पॉझिटिव्ह असेल तर दुर्बिणीतून तपासणी, म्हणजे कॉल्पोस्कोपी, करून घेण्यात दिरंगाई करू नये. 'इतर धोकादायक प्रकार' पॉझिटिव्ह असतील तर आधी पॅप किंवा अॅसेटिक आम्लाची तपासणी होते आणि तिच्यात काही आढळल्यास कॉल्पोस्कोपी. काही न आढळल्यास डॉक्टर सांगतील त्या मुदतीने, बहुधा वर्षभराने, पुन्हा चाचणी. बदल आढळलेच तर उष्णतेने किंवा गोठवून तो भाग नष्ट करणे, अथवा तारेच्या कड्याने तेवढाच तुकडा काढणे, हे उपाय बहुतेक वेळा पुरतात आणि स्त्री त्याच दिवशी घरी जाते. येथे स्पष्टपणे सांगणे भाग आहे : केवळ एचपीव्ही पॉझिटिव्ह आल्यामुळे गर्भपिशवी काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याखेरीज होकार देऊ नये. पिशवी काढण्याची घाई आपल्या ग्रामीण भागात आधीच पुष्कळ आहे.

घरात हा अहवाल कसा सांगावा, हाही मार्गदर्शनाचाच भाग आहे. विडी वळणाऱ्या वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या आशाताईने दारातच 'तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय' असे म्हटले तर ती बाई पुन्हा केंद्राची पायरी चढणार नाही. तेच असे सांगता येते : "अक्का, हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही. कॅन्सर होऊ नये म्हणून आधीच केलेली तपासणी आहे. विषाणू दिसलाय, त्यानं आत काही बदल केलाय का तेवढं दुर्बिणीतून बघायचंय. बुधवारी मी सोबत येते." तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरात हेच त्यांच्या भाषेत सांगणारे माणूस बरोबर असावे. नवऱ्याला किंवा सासूला संशय येऊ नये म्हणून हेही सांगावे की हा संसर्ग दहा-पंधरा वर्षांपूर्वीचाही असू शकतो, वैवाहिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो केव्हा ना केव्हा होऊन जातो, आणि अहवालावरून तो कोणाकडून आला हे ठरवता येत नाही.

तोंडाच्या कर्करोगाबद्दलही गल्लत होते. टाळूमागचा भाग आणि टॉन्सिल यांच्या कर्करोगाशी एचपीव्ही 16 चा संबंध आहे आणि पाश्चात्त्य देशांत तो वाढतो आहे. परंतु आपल्याकडे गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीला होणारा कर्करोग मुख्यतः तंबाखूचा असतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी मावा आणि मिश्री घरोघर आहेतच. त्यांचा दोष विषाणूच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

लस

एचपीव्हीच्या लशीत जिवंत किंवा मृत विषाणू नसतो. विषाणूच्या बाह्यकवचाचे फक्त एक प्रथिन असते, त्यामुळे लशीमुळे संसर्ग होण्याची शक्यता नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅक लशीला जुलै 2022 मध्ये मान्यता मिळाली. ती 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवर आहे. नऊ प्रकारांवरील गार्डासिल 9 मध्ये 31, 33, 45, 52 आणि 58 यांची भर आहे. सर्वांत योग्य वय 9 ते 14. मुलगी मोठी होण्याची वाट पाहू नये, कारण विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी घेतलेली लसच पुरेपूर काम करते आणि आधीच झालेला संसर्ग ती हटवत नाही.

डोस किती, यावर पालकांचा गोंधळ होतो, आणि या प्रश्नातही बार्शीचा वाटा आहे. 2009 मध्ये देशातील नऊ ठिकाणी, ज्यांत बार्शी होते, मुलींना दोन की तीन डोस द्यावेत याचा अभ्यास सुरू झाला. 2010 मध्ये सरकारने अशा अभ्यासांतील लसीकरण थांबवले आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. ठरवून कोणी केला नसता असा हा अभ्यास पुढे दहा वर्षे चालला; एकाच डोसाने 16 आणि 18 च्या चिवट संसर्गापासून मिळालेले संरक्षण सुमारे 95 टक्के निघाले. डिसेंबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 9 ते 20 वयात एक डोसही चालेल असे सांगितले, त्यामागे या मुलींचा पुरावा होता. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र किमान दोन, शक्य तर तीन डोस लागतात. खासगी डॉक्टर लशीच्या वेष्टनानुसार 15 पेक्षा कमी वयात दोन आणि पुढे तीन डोस सांगतात. तेही चूक नाही. सरकारी लसीकरणाची चौकशी जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा शाळेत करावी. सुई टोचल्यावर मुलीला पंधरा मिनिटे बसवून ठेवावे, कारण या वयात भोवळ येऊ शकते. लस घेतलेल्या स्त्रीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच आहे.

कावीळ : कोणती, हे आधी ठरवा

डोळे पिवळे झाले की आजही अनेकजण गळ्यात माळ घालणाऱ्याकडे किंवा नाकात थेंब टाकणाऱ्याकडे जातात, आणि बरे झाल्याचे सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, श्रेय माळेला मिळते. हिपॅटायटिस बी, जिला लोक पांढरी कावीळ म्हणतात, आणि सी हे विषाणू रक्तातून येतात, अनेकदा डोळे पिवळे न करताच यकृतात राहतात आणि वीस-तीस वर्षांनी यकृत आकसणे किंवा कर्करोग या रूपाने समोर येतात.

हिपॅटायटिस बीमध्ये संसर्ग कोणत्या वयात झाला हे निर्णायक असते. नवजात बाळाला झालेला संसर्ग सुमारे 90 टक्के वेळा कायमचा होतो. प्रौढाला झालेला 5 टक्क्यांहून कमी वेळा. म्हणून गरोदर स्त्रीची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी शोधणारी रक्तचाचणी, पॉझिटिव्ह असेल तर प्रसूती रुग्णालयातच करावी, आणि बाळाला पहिल्या 24 तासांत लस व त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन मिळेल याची खातरजमा आठव्या महिन्यातच करून ठेवावी, ऐन वेळी शोधाशोध करू नये. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर हे विषाणूविरोधी औषध दिले जाते. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही. पुढे 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट लशीत हे संरक्षण असतेच.

प्रौढ व्यक्तीचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला तर सहा महिन्यांनी तो पुन्हा करतात. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग जुनाट समजतात. मग विषाणूचे प्रमाण, यकृताची स्थिती आणि सोनोग्राफी पाहून गोळ्या लागतात की नाही ते ठरते. या विषाणूचा डीएनए यकृतपेशीच्या डीएनएमध्ये घुसून बसतो, म्हणून यकृत आकसलेले नसतानाही कर्करोग होऊ शकतो. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सांगितली असेल तर 'काही त्रास नाही' म्हणून ती चुकवू नये. घरातील सर्वांची तपासणी करून निगेटिव्ह असलेल्यांना 0, 1 आणि 6 महिने अशी लस द्यावी. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने हा संसर्ग होत नाही. दाढीचे पाते, दात घासायचा ब्रश आणि नखे कापायचे यंत्र मात्र वेगळे हवे, कारण वाळलेल्या रक्तातही हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो. गड्ड्याच्या किंवा कुठल्याही जत्रेत एकाच सुईने ओळीने गोंदवून घेणाऱ्या पोरांना अडवावे ते याच कारणासाठी.

हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण तो पूर्ण बरा होतो. त्याचा आरएनए आपल्या डीएनएमध्ये मिसळत नाही, त्यामुळे त्याला शरीरातून साफ हटवता येते; बहुधा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. भारतात अधिक आढळणारा जनुकीय प्रकार 3 यकृतात चरबी साठवतो आणि त्यात कर्करोगाचा धोका इतर काही प्रकारांपेक्षा जास्त दिसला आहे, म्हणून उपचार लांबवू नये. जुलै 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधे मोफत आहेत. सोलापुरात चौकशीची सुरुवात सिव्हिलमधून करावी, आणि जाताना पहिला अहवाल, आधार कार्ड व चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवावी.

रक्तपेढीने सांगितलेली सीची चाचणी ही प्रतिपिंडांची असते. तिच्यावरून विषाणू आज अंगात आहे असे सिद्ध होत नाही, त्यासाठी आरएनए चाचणी लागते. उलट, उपचारांनी बरे झाल्यावरही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे रक्तात राहतात आणि पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीची साधी तपासणीसुद्धा पुन्हा पॉझिटिव्ह येते. म्हणून उपचार संपल्यानंतर 12 आठवड्यांनी केलेला निगेटिव्ह आरएनए अहवाल जपून ठेवावा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला तो आधी दाखवावा. रक्तदान त्यानंतरही करायचे नाही, आणि यकृत आधीच आकसलेले असेल तर विषाणू गेल्यावरही सहामाही सोनोग्राफी चालू ठेवायची आहे.